मिरजेची वाट, पिंपरीची माती

कडेगाव भागात मोठं दुखणं उपटलं की गाडी सांगली-मिरजेकडे निघते. ही वाट जुनी आहे. कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हा कडेगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा आणि १९६० मध्ये सांगली अशी जिल्ह्याची पाटी बदलली, पण पेशंटची वाट तीच राहिली.

मे २०२१ मध्ये याच वाटेवर एक वेगळंच दुखणं दिसू लागलं. कोरोनातून उठून घरी आलेल्या माणसाचा गाल बधिर व्हायचा, वरचे दात हलायचे, एक डोळा सुजून बंद व्हायचा. दाढ दुखतेय म्हणून काही दिवस निघून जात आणि तेवढ्यात बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीत पोचलेली असे. लोक तिला काळी बुरशी म्हणू लागले, डॉक्टरांच्या तोंडी ‘म्युकर’ बसलं.

बुरशी या भागाला नवी नाही. भुरी हा बुरशीचा रोग द्राक्षबागायतदाराची झोप उडवतो. म्युकरच्या गटातली बुरशीही रोजच्या सहवासातलीच: माती, शेणखत, कुजकं पाचट, शिळी भाकरी, सगळीकडे तिचे बीजाणू असतात. श्वासाबरोबर ते रोज आत जातात आणि धडधाकट शरीर त्यांना जागीच संपवतं. रक्तातली साखर बेसुमार वाढली आणि पांढऱ्या पेशी मंदावल्या, की मात्र ती रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त पोचेनासं झालं की मांस मरतं आणि काळं पडतं.

जर्मन भाषेत लिहिणाऱ्या आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८५ मध्येच माणसातल्या या आजाराचं वर्णन केलं होतं. १९४३ मध्ये अमेरिकेत मधुमेही रुग्णांच्या नाक-डोळे-मेंदूतल्या बुरशीची नोंद झाली. फ्लूच्या मागून फुप्फुसात बुरशी शिरल्याची हकिकत तर १९५२ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे. ती ॲस्परजिलस जातीची होती. म्हणजे विषाणूने दार उघडायचं आणि बुरशीने आत यायचं, हे वैद्यकाला ठाऊक होतं.

मग २०२१ मध्ये एवढा कहर का? २८ जूनला केंद्राने दिलेला हिशेब असा: देशात ४०,८४५ रुग्ण, ३,१२९ मृत्यू. रुग्णांपैकी ८५.५ टक्क्यांना कोरोना झालेला, ६४ टक्क्यांना मधुमेह, जवळजवळ ५३ टक्के स्टेरॉइडवर. ऑक्सिजन लागलेल्या कोरोना रुग्णाला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीवदान मिळतं, हे ब्रिटनमधल्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं होतं. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. आपल्याकडे ते घरी बसलेल्या, साधा ताप असलेल्यांनाही मिळालं, जास्त मात्रेत आणि साखर न तपासता. किती तरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हेच मुळी ठाऊक नव्हतं. दोष एकट्या बुरशीच्या माथी मारून चालणार नाही.

तपासणी साधी असते. नाकातला खरवडा काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रुंद, रिबिनीसारखे धागे काटकोनात फुटलेले दिसले, की शस्त्रक्रियेची तयारी सुरू. सडलेला भाग काढल्याशिवाय औषधाला वाव नसतो.

औषध होतं अँफोटेरिसिन-बी. ते १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीने व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. त्याच जातकुळीचं औषध महाराष्ट्राच्या मातीतही सापडलं होतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन काढलं आणि १९६१ मध्ये ते जगापुढे मांडलं. त्या जिवाणूच्या नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिकांवरच्या बुरशीसाठीचं ऑरिओफंगिनही तिथलंच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये उभा राहिलेला हा सरकारी कारखाना नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेला.

पुढची पायरी मुंबईत चढली गेली होती. साधं अँफोटेरिसिन शिरेतून सोडलं की पेशंटला हुडहुडी भरते, मूत्रपिंडं दुखावतात. चरबीच्या सूक्ष्म वेष्टणातलं लायपोसोमल रूप त्या मानाने सोसवतं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर त्याचं भारतीय रूप तयार केलं.

एवढी पुंजी गाठीशी असताना नातेवाईक एकेका कुपीसाठी जिल्हे पालथे घालत होते, याचं दुःख मोठं आहे. साठ किलोच्या रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात, त्याही आठवडेच्या आठवडे. एका कुपीला सात हजारांच्या आसपास मोजावे लागत. उसाचं बिल एका दिवसात संपावं असा हा खर्च. राज्याने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार आणले, वाटप जिल्हा प्रशासनाच्या हाती गेलं. मेअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने उत्पादन सुरू केलं आणि कुपीची किंमत १,२०० रुपये जाहीर झाली. तोवर दुसरी लाट उताराला लागली होती.

बुरशीने वरचा जबडा नेलेल्यांना टाळूला कृत्रिम झाकण बसवावं लागतं. ते नसेल तर घोटभर पाणीही नाकातून बाहेर येतं आणि बोललेलं समोरच्याला कळत नाही. त्याची मापं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि त्यासाठीही गाडी त्याच वाटेने न्यावी लागते.