ऊद मेथाचा धडा आणि माझगावचा बाक

दुबईतील ऊद मेथा येथे इंडियन हायस्कूल आहे. त्याची स्थापना १९६१ सालची. भारताच्या केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम तेथे चालतो, आणि त्या मंडळाच्या नववीच्या इतिहासात नाझीवादाचे प्रकरण अनेक वर्षे शिकविले गेले. पुढे २०२० साली इस्राएल व अमिराती यांच्यात करार झाला. जानेवारी २०२३ मध्ये अमिरातीने आपल्या शाळांतही यहुदी-संहाराचा इतिहास शिकविण्याचे जाहीर केले.

हे सर्व स्वागतार्हच होय. तथापि आम्हां शिक्षकांस एक उणीव जाणवते. अशा धड्यात विद्यार्थ्यास यहुदी भेटतो तो मारला गेलेला माणूस म्हणून, शेजारी म्हणून नव्हे. द्वेषावर केवळ दयेचा उतारा चालत नाही; त्यास ओळख लागते.

ती ओळख कशी घडते, हे आपल्या समाजाच्या शाळेने दाखविले आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी इस्रायलाइट स्कूल काढले. तेच पुढे माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल झाले. आपली कुटुंबे इस्राएलास आली, बाक रिकामे होऊ लागले. पण शाळेने दारे लावून घेतली नाहीत. कालांतराने तेथील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान झाले. यहुद्यांनी उभारलेल्या शाळेत त्यांच्या पिढ्या शिकल्या.

म्हणून ऊद मेथात शिकलेल्या एखाद्या मराठी मुलाशी आपल्या नातवंडांची गाठ पडली, तर त्यांनी त्याला कोकणातील शनवार तेल्यांची आणि माझगावच्या त्या शाळेची हकीकत अवश्य सांगावी. पुस्तकातील धडा त्याला मग अधिक उमगेल.