समाप्तीनंतरची तार

दातांवरच्या तारा निघण्याची वेळ जवळ आली की ज्याच्या तोंडात त्या असतात तो दिवस मोजू लागतो. दीड-दोन वर्षे चिक्की, पेरू, मक्याचे कणीस वर्ज्य मानलेले असते. तार आवळून आल्यावर दोन दिवस मऊ वरणभातावर भागवलेले असते. आणि नेमके याच सुमारास डॉक्टर सांगतात की तारा निघतील, पण पुढे ‘रिटेनर’ घालावा लागेल. आधी जवळजवळ दिवसरात्र, मग रात्रीपुरता. किती वर्षे, असे विचारले तर उत्तर मिळते : दात सरळ राहावेत असे वाटते तोवर. समाप्तीच्या उंबरठ्यावरच समाप्ती नाकारणारे हे वाक्य आले कोठून? त्याचा माग काढताना आम्हांला एका शास्त्राने स्वतःच्या यशाची व्याख्या कशी बदलत नेली, याचाच इतिहास हाती लागला.

पॅरिसचे पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेडेवाकडे दात ओळीत आणण्यासाठी त्यांनी भोके पाडलेली धातूची पट्टी सांगितली आहे. दात दोऱ्याने तिला बांधायचे आणि हळूहळू ओढून घ्यायचे. कधी ते चिमट्याने दात हिसका देऊन जागेवर आणीत आणि तो पक्का होईतो शेजारच्या दातांना बांधून ठेवीत. म्हणजे दात हलवणे आणि हलवलेला दात राखणे ही दोन कामे वेगळी आहेत, एवढे त्यांनाही दिसले होते. बांधणे मात्र काही काळापुरतेच होते. जखम भरली की काम संपले, अशी ती समजूत होती.

ही समजूत सिद्धान्ताच्या पदवीला नेली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी (१८५५-१९३०). दातांच्या चुकीच्या जुळणीचे त्यांनी १८९९ साली केलेले वर्गीकरण आजही शिकवले जाते. आरंभी त्यांच्यापुढे सुंदर चेहऱ्याचा आदर्श होता तो अपोलो बेल्व्हेडेअर या प्राचीन पुतळ्याचा. पुढे त्यांनी एडमंड वुर्पेल या चित्रकाराकडे सौंदर्याचा नियम मागितला. माणसांचे चेहरे इतके नानाविध आहेत की एकच नियम सांगता येणार नाही, असे वुर्पेल यांचे म्हणणे पडले. तेव्हा अँगल यांनी नियम कलेत शोधायचे सोडून निसर्गात शोधला : बत्तीसही दात आपापल्या जागी नीट जुळले की चेहरा आपोआप आपल्या परीने सुंदर होईल, आणि हाडही त्या दातांभोवती वाढून त्यांना धरून ठेवील. यातून दोन गोष्टी ओघानेच आल्या. एक, दात काढायचा नाही. दुसरी, दात पुन्हा वाकडे झालेच तर दोष सिद्धान्ताचा नव्हे, जुळणी अपुरी करणाऱ्याचा. खोटे ठरण्याची वाटच बंद करून घेणारा असा युक्तिवाद आपल्याला वाङ्मयीन वादांतूनही परिचित आहे.

या मताला कॅल्व्हिन केस यांनी १९११ साली जाहीर विरोध केला. काही रुग्णांत दात काढल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मार्टिन ड्यूई यांनी अँगलपक्षाची बाजू मांडली, आणि पुढची दोन-तीन दशके तोच पक्ष वरचढ राहिला. तो ढळला तो अँगल यांच्याच शिष्यामुळे. अॅरिझोनातले चार्ल्स ट्वीड हे गुरूंच्या मार्गाने निष्ठेने चालणारे. परंतु गुरूंच्या पश्चात स्वतःचे जुने रुग्ण तपासताना सरळ केलेले दात पुन्हा दाटीने उभे असलेले त्यांनी पाहिले. मग त्यांनी त्याच रुग्णांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले, आणि अशा शंभर रुग्णांचे आधीचे व नंतरचे पुरावे १९४० साली व्यवसायबंधूंपुढे मांडले. ऑस्ट्रेलियातले रेमंड बेग हे अँगल यांचे दुसरे शिष्यही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. भारतात बेग यांची पद्धत दीर्घकाळ शिकवली गेली. ‘चांगले दात काय म्हणून काढायचे?’ असे दवाखान्यात विचारणारी आई नकळत १९११ चाच वाद पुन्हा उभा करीत असते.

दात परततात का, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू मिळत गेले. दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते आणि ताण पडतो त्या बाजूला नवे भरते, हे स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. हाड तसे लवकर जुळवून घेते. हिरडीतले तंतू घेत नाहीत. पिळून सरळ केलेल्या दाताभोवतीचे हे तंतू कित्येक महिने ताणलेलेच राहतात, हे नॉर्वेच्या कोर रायटान यांच्या संशोधनातून पुढे आले. आज असे मानतात की त्यांतल्या लवचीक तंतूंना नवी घडी बसायला वर्षभरही लागते. या हिशेबाने रिटेनर वर्षभर पुरायला हवा.

तो पुरत नाही, हे सांगण्याचे धैर्य सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दाखवले. तेथे रुग्णांचे प्लास्टरचे दंतसाचे वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिटेनर सुटून दहा वर्षे उलटलेल्या ६५ रुग्णांची पाहणी १९८१ साली प्रसिद्ध केली : खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले तिसरा हिस्साही नव्हते. वीस वर्षांनंतरची १९८८ ची पाहणी याहून कठोर होती; तेथे हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. या रुग्णांच्या उपदाढा काढलेल्या होत्या. म्हणजे ट्वीड यांचा उपायही शाश्वतीचा ठरला नाही. शिवाय मूळच्याच सुस्थित, कधी तार न लागलेल्या दातांतही वयानुसार दाटी वाढते, असे याच गटाच्या १९८३ च्या पाहणीत दिसले. म्हणजे दात मागे जातात असे म्हणणे अर्धेच खरे आहे. ते वयाबरोबर पुढेही जात असतात, आणि आपण त्या पुढे जाण्यालाच पूर्वस्थिती समजतो.

चार्ल्स हॉली यांनी १९१९ च्या सुमारास पुढे आणलेला, टाळूला बसणारा काढता-घालता साचा अद्याप वापरात आहे. दातांच्या मागे कायमची चिकटवायची पिळाची बारीक तार नॉर्वेच्या ब्यॉर्न झाक्रिसन यांनी १९७७ साली सुचवली. साधने मिळाली, बदलला तो त्यांचा अर्थ. पूर्वी रिटेनर म्हणजे अपुऱ्या उपचाराची कबुली होती, आज तो उपचाराचाच भाग आहे.

अँगल यांच्या चुकीला आम्ही हसत नाही. त्यांच्या वर्गीकरणावाचून पुढचे काहीच उभे राहिले नसते. तरीही आमचा आदर अधिक आहे तो ट्वीड आणि लिटल यांच्याविषयी. आपण ‘झाले’ म्हणून सोडलेले काम पुन्हा उघडून पाहणे आणि ते टिकले नाही असे सही करून सांगणे, हे कोणत्याही विद्याशाखेत क्वचितच घडते. आमच्या समीक्षेत तर वीस वर्षांपूर्वी दिलेला निर्णय पुन्हा तपासायची रीतच नाही. तारा काढून आरशात पाहणाऱ्या मुलीला हे सारे ठाऊक असण्याचे कारण नाही. डबीत ठेवलेला तो साचा रात्री तिने आठवणीने घालावा, एवढेच या इतिहासाचे तिच्याकडे मागणे आहे.