धावणे आणि हाडांचे आरोग्य (बुलढाणा जिल्हा)

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते; चालताना ते वजनाहून थोडेच जास्त असते. या भाराने हाड किंचित वाकते, त्याच्या बारीक नलिकांतला द्रव हलतो आणि आत रुतलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना ते जाणवते. मग या पेशी स्क्लेरोस्टिन हे हाडाची बांधणी रोखणारे प्रथिन कमी तयार करतात आणि नवे हाड घडू लागते. भाराप्रमाणे हाडाची रचना बदलते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय सर्वांत आधी भरतीच्या तयारीत समोर येतो. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, तर राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की महिनोन्‌महिने न धावलेली मुले-मुली एकदम रोज धावू लागतात, आणि खरा धोका इथेच आहे. भार वाढला की हाड आधी झिजलेला भाग खरवडून काढते. हे काम काही आठवड्यांत उरकते. ती जागा नव्या हाडाने भरून पक्की व्हायला मात्र सुमारे तीन महिने लागतात. मधल्या काळात नडगीचे हाड कच्चे असते. तेव्हाच अंतर वाढवत नेले तर त्याला बारीक तडा जातो. सैन्यातल्या नव्या जवानांच्या पायांचे असे दुखणे प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच नोंदवले होते. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटासारख्या उतारावर पायाला बसणारा आघात आणखी वाढतो.

नुसते अंतर वाढवून हाड मात्र बळकट होत नाही. रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातील हाडावर प्रयोग केले. दिवसाला ३६ वेळा दिलेला भार हाड वाढवायला पुरला. त्यापुढे आवर्तने वाढवून जास्त लाभ झाला नाही. त्याच त्या भाराला हाड लवकर सरावते आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा प्रतिसाद देऊ लागते. म्हणून एकसुरी लांब धावण्यापेक्षा उड्या, झटके आणि दिशाबदल हाडाला अधिक उपयोगी पडतात. विदर्भाच्या मातीतले आट्यापाट्या आणि खो-खो हे खेळ यात सरस आहेत, आणि शाळांनी ते टिकवायलाच हवेत. प्रौढ हाडातील खनिजांपैकी सुमारे चतुर्थांश साठा किशोरवयातल्या वेगवान वाढीच्या दोनच वर्षांत जमतो. पोलीस भरतीचे किमान वय १८ आहे. म्हणजे तयारी सुरू होईपर्यंत ही संधी बहुतेकांच्या हातून निघून गेलेली असते.

आता चालण्याविषयी. शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. इतक्या दीर्घ चालण्याने हृदय, स्नायू आणि तोल यांना फायदा होतो. चालण्याने हाडाची घनता मात्र फारशी वाढत नाही, कारण त्यातला भार सौम्य आणि नेहमीचा असतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. त्या वयाच्या स्त्रियांनी चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचे व्यायाम करावेत; हाड आधीच ठिसूळ असेल तर उड्या मारण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आहार अपुरा असेल तर व्यायामाचा लाभ उलटतो. वजन घटवण्यासाठी कमी जेवून खूप धावणाऱ्या मुलींची मासिक पाळी थांबली, तर इस्ट्रोजेन घटते आणि हाड झिजते. पाळी थांबणे हे सरावाचे लक्षण म्हणून सोडून देणे घातक आहे. प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. ज्वारीत कॅल्शियम फार कमी असते. दूध, ताक, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांतून ते भरून काढावे लागते.

नडगीवर बोटभर जागीच दुखणे, एका पायावर उडी मारताना कळ येणे, रात्रीही ठणकणे ही तड्याची लक्षणे आहेत. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छ दिसतो. एमआरआयमध्ये तडा लवकर कळतो. नडगीचा साधा तडा भरायला साधारण सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते. नडगीच्या पुढच्या कडेचा किंवा मांडीच्या हाडाच्या मानेचा तडा अधिक गंभीर असतो आणि त्याला कधी शस्त्रक्रियाही लागते.