लॉर्ड रुथ्वेन : एक विस्मृत रक्तपिपासु

रक्तपिपासु पिशाच म्हटलें कीं ड्रॅक्युला आठवतो. परंतु १८९७ च्या त्या कादंबरीपूर्वीं ७८ वर्षें लॉर्ड रुथ्वेन अवतरला होता. पूर्व युरोपच्या लोककथांतील पिशाच म्हणजे थडग्यांतून उठणारें खेडुताचें प्रेत. त्याला उमराव करून लंडनच्या दिवाणखान्यांत आणलें तें कवि बायरनचा तरुण वैद्य जॉन पॉलिडोरी यानें. १८१६ सालीं जिनीव्हा सरोवराकांठीं बायरननें अर्धवट टाकलेल्या गोष्टीवरून त्यानें ही कथा रचली. १८१९ सालीं ती छापली गेली, पण बायरनच्या नांवानें! बायरननें कर्तृत्व नाकारलें. पुढें तिच्यावर नाटकें झालीं, १८२८ सालीं जर्मन संगीतिकाहि झाली. पॉलिडोरी मात्र १८२१ सालींच, अवघा २५ वर्षांचा असतां, वारला होता. ड्रॅक्युलाच्या उमरावी ऐटीचें श्रेय देतांना प्रथम या वैद्याचें नांव घेतलें पाहिजे.