सेन-रॅले रोडवरची सायकल

सेन-रॅले रोड आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे. पण हे 'सेन' कोण आणि 'रॅले' कोण, असे विचारले तर आपल्या मंडळातली निम्मी मंडळी "कुणी इंग्रज साहेब असावा" म्हणून मोकळी होतात. नोकरीनिमित्त आसनसोल-बर्नपूर भागात येऊन पंचवीस-तीस वर्षे झालेल्यांचीही हीच कथा. म्हणून संपादकांनी "दोन पाने द्याच" असा आग्रह धरला तेव्हा मी हाच विषय घ्यायचे ठरवले.

रॅले हे मुळात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातल्या एका रस्त्याचे नाव. १८८० च्या दशकात त्या रॅले स्ट्रीटवर सायकली बनवायचे एक लहानसे वर्कशॉप निघाले. लवकरच फ्रँक बाउडेन या गृहस्थांनी ते विकत घेऊन वाढवले आणि काही वर्षांतच ते जगातल्या मोठ्या सायकल कारखान्यांत गणले जाऊ लागले. तिथे रस्त्यावरून सायकलीला नाव मिळाले, इथे सायकलीवरून रस्त्याला!

सेन म्हणजे कोलकात्याचे सुधीरकुमार सेन. विलायती सायकली आयात करून विकण्याचा त्यांचा व्यवसाय. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी रॅले कंपनीशी हातमिळवणी केली आणि कन्यापूरला कारखाना उभारला. तो काळच तसा होता. १९५० मध्ये चित्तरंजनला रेल्वे इंजिने बनू लागली आणि त्यानंतर लवकरच कन्यापूरला सायकली. तिकडे मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, सोनिपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो, असे कारखाने त्याच दशकाच्या आगेमागे उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याआधीपासूनच होता. आपल्या वडील पिढीतल्या अनेकांनी 'हिंद' चालवली असेल.

वरळीचा हिंद आणि कन्यापूरचा सेन-रॅले यांचे नशीब पुढे एकाच कागदावर लिहिले गेले. दोन्ही कारखाने डबघाईला आले आणि १९८० साली संसदेने एकच कायदा करून दोघांचे राष्ट्रीयीकरण केले. कायद्याच्या नावातच दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. हिंदची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, सेन-रॅलेची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. सरकारी पाटी लागली तरी चाके काही नीट फिरली नाहीत आणि कालांतराने दोन्हींना कुलूप लागले. नॉटिंगहॅमला तरी काय वेगळे झाले? तिथल्या रॅलेच्या जागेवर आज विद्यापीठाची इमारत उभी आहे.

हा सगळा इतिहास मी शोधायला लागलो तो एका सायकलीमुळे. आमच्या मागच्या गल्लीत एक बौदी राहतात. त्यांचे यजमान कन्यापूरच्या कारखान्यात होते, ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. जिन्याखाली त्यांची काळी सायकल उभी होती. रॉड ब्रेकची, अठ्ठावीस इंची चाकांची, मागच्या चाकात तीन गिअर असलेली. मुलगा बंगळूरला असतो. घर रिकामे करायचे ठरले, तेव्हा भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने मात्र "विलायती असेल तर" अशी अट घालून त्याच्या कितीतरी पट रक्कम बोलून दाखवली. तिसरा एक रंगारी टपलेलाच होता. म्हणाला, सगळा रंग खरवडून गाडीचा चकचकीत काळा रंग मारतो, पूजेपर्यंत नवी करून देतो. बौदींचे म्हणणे एकच, "ते तर जन्मभर विलायतीच म्हणत आले." आता ठरवायचे कसे?

पुढच्या नळीवरचा मोनोग्राम कधीच गेला होता, रिवेटची दोन भोके तेवढी उरली होती. मग चेनव्हील पाहिले. त्यात बगळ्यांची डोकी कोरलेली होती, म्हणजे रॅले. हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसांच्या आकृती असतात, रजच्या चक्रात हाताचा पंजा. या दोन्ही कंपन्या रॅलेने १९३२ आणि १९४३ मध्ये आपल्याकडे घेतल्या, त्यामुळे हे सगळे चुलतभाऊ. हंबर तर लांबूनही ओळखू येते, पुढच्या फोर्कला प्रत्येक बाजूला दोन-दोन नळ्या. पण चेनव्हील बदलता येते, म्हणून तेवढ्यावर शिक्का मारता येत नाही.

मग मागच्या हबवरची घाण रॉकेलच्या बोळ्याने पुसली. 'स्टर्मी-आर्चर, इंग्लंड' अशी अक्षरे आली, 'एडब्ल्यू' असे मॉडेल आले आणि शेजारी ५७ व ४ हे आकडे. या हबची हीच खुबी आहे. पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा. म्हणजे हब बनला एप्रिल १९५७ मध्ये. हे एडब्ल्यू मॉडेल १९३६ सालचे. मधला गिअर सरळ, तिसऱ्यात चाक एक तृतीयांशाने जास्त फिरते, पहिल्यात पाव हिश्शाने कमी. चढावर पहिला गिअर किती सुखाचा, हे या भागातला पूल चढून ड्युटीवर जाणाऱ्याला सांगायला नको.

व्यापारी लगेच म्हणाला, "बघा, इंग्लंड लिहिलंय." पण हबवरची तारीख ही हबची, सायकलीची नव्हे. कारखाना देशी असला तरी त्यात विलायती हब बसू शकतो, आणि पुढे कधीतरी अख्खे चाकही बदललेले असू शकते. सीटखालच्या नळीवर जुन्या रंगावर घरी मारलेल्या काळ्या रंगाचा एक थर होता. रंगारी ज्याला खरवडणार होता तोच. आम्ही दोन संध्याकाळी मऊ कापडाने आणि अगदी थोड्या पॉलिशने तो हळूहळू उतरवला. खालून सोनेरी रंगात तीन इंग्रजी अक्षरे आली, 'सेन'. पुढचे झिजले होते.

मुलगा तिथेच उभा होता. "काकू, म्हणजे बाबा खोटं सांगत होते?" (बंगालीत काकू म्हणजे काका. याची सवय व्हायला मला दहा वर्षे लागली!) मी म्हटले, हब विलायती, सायकल कन्यापूरची. बाबा निम्मे खरे बोलत होते. बौदी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून चहा आणला आणि म्हणाल्या, "मग ही त्यांच्या हाताखालूनच गेली असेल की." असेल किंवा नसेल, ते कोणतीच सायकल सांगत नाही. पण भंगारवाल्याचा प्रश्न तिथे मिटला.

आता किमतीविषयी, कारण मला सगळे तेच विचारतात. सायकल जुनी आहे एवढ्याने ती महाग होत नाही. हा तीन गिअरचा हब लाखोंनी बनला, तो दुर्मीळ नाही. भाव ठरतो तो मूळ रंग आणि मूळ अक्षरे किती शिल्लक आहेत आणि सुटे भाग किती पुरे आहेत यावर. ब्रुक्सची चामड्याची सीट, चेनकव्हर, दिवा, पंप, अगदी गिअरचा खटका. या बारीकसारीक गोष्टी नंतर जमवायला गेले तर सायकलीपेक्षा महाग पडतात. जुना म्युनिसिपालिटीचा लायसन्सचा बिल्ला हँडलखाली लटकत असेल तर तो काढून फेकू नका, गाव आणि साल दोन्ही त्यावर असते. विक्रेता जो आकडा सांगतो ती अपेक्षा असते, सौदा नव्हे. त्या व्यापाऱ्याने 'सेन' अक्षरे पाहिल्यावर आपला आकडा निम्म्याहून खाली आणला. माझ्या मते त्याचे गणित उलटे होते. नॉटिंगहॅमच्या सायकली जगभर जपलेल्या आहेत, त्यांची कॅटलॉगे आहेत. कन्यापूरच्या कारखान्याचे काय उरले आहे? आपल्याच गावातल्या जिन्यांखाली जे असेल ते. पुण्यात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. सुटीत गेलात तर मुलांना घेऊन जरूर पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

दुरुस्ती आम्ही केली ती एवढीच. रंग मारला नाही. गंजलेले सुटे भाग पाण्यात पातळ केलेल्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये ठेवले, हातमोजे घालून आणि बाहेर अंगणात. क्रोमवरचा गंज चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने आणि पाण्याने गेला. क्रँकची कॉटर पिन काढताना आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हातोडा उचलू दिला नाही. आधी क्रँकखाली लोखंडी नळकांड्याचा टेकू, मग घाव, नाहीतर छर्रे ज्या वाटीत फिरतात तिला खड्डे पडतात. छर्रे मात्र सगळे नवे घातले, पाव इंची, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. एक सावधगिरी सांगून ठेवतो. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या या वाटीला इंचाला २६ आटे असतात, इतर ब्रिटिश सायकलींना २४. न मोजता दुसरी वाटी दामटली की फ्रेमच कामातून गेली. टायरची चिंता नाही. अठ्ठावीस गुणिले दीड हा माप आपल्याकडे अजून गल्लीतल्या दुकानात मिळतो. परदेशातले हौशी लोक त्यासाठी हिंदुस्थानकडे डोळे लावून बसतात.

सायकल बंगळूरला गेली. मुलगा रविवारी चालवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, दुसरा गिअर सटकतो म्हणून. तार किंचित ताणायला सांगितली आणि हबच्या तोंडातून पातळ मशीन ऑइलचे चार थेंब. ग्रीस नाही.