काडीमोड, कायदा आणि जनगणना

भारतात घटस्फोटांचे प्रमाण अत्यल्प आहे, यावरून येथील विवाहसंस्था अभंग असल्याचे अनुमान वारंवार काढले जाते. इतिहास या अनुमानाला दुजोरा देत नाही.

महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोडीची रूढी जुनीच होती. जातपंचायतीच्या साक्षीने नाते तुटे आणि स्त्रीला पाट लावण्याची मुभा मिळे. उच्चवर्णीयांत मात्र विवाह हा अविच्छेद्य संस्कार गणला जाई. पतीने टाकले तरी पत्नी त्याचीच राही. पतीला दुसरा विवाह मोकळा असे.

इंग्रजी न्यायालयांनी या व्यवस्थेत आणखी एक बंधन आणले. दांपत्याधिकारांच्या पुनःस्थापनेचा दावा ही मूळची इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतील तरतूद. तिच्याच आधारे दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंवर दावा लावला. अजाण वयात झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीगृही जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

सुटकेची कायदेशीर वाट सावकाश खुली झाली. सयाजीरावांच्या बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताचा कायदा १९४७ मध्ये आला. हिंदू संहिता विधेयक रखडले आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट देशभर मान्य केला, रूढीची काडीमोडही अबाधित ठेवली. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये आला. दांपत्याधिकारांच्या पुनःस्थापनेची तरतूद मात्र नव्या कायद्यातही राहिली.

२०११ च्या जनगणनेत सुमारे साडेतेरा लाख व्यक्ती घटस्फोटित, तर सुमारे पस्तीस लाख विभक्त नोंदल्या गेल्या. म्हणजे संसार मोडलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या हाती न्यायालयाचा हुकूमनामा नव्हता. दोन्ही गटांत स्त्रियांची संख्या अधिक होती. पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो. मराठीने जिला ‘परित्यक्ता’ हे नाव दिले, ती पोटगीची वाट पाहत माहेरी राहते. घटस्फोटांच्या अल्प आकड्यात तिची गणना होत नाही, आणि विवाहसंस्थेच्या स्थैर्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो तो हाच आकडा.