मस्तगडाची कचेरी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं जालन्याचा मस्तगड पाहिला असेल तो इतिहासासाठीं नव्हे, दाखल्यासाठीं किंवा पाणीपट्टीसाठीं. निजाम-उल्-मुल्क असफजहाच्या आज्ञेनें काबिलखानानें शहराच्या पूर्वेस हा गड 1725 मध्यें बांधिला. चौकोनी तट, कोपऱ्यांस अर्धवर्तुळाकार बुरूज, गढीवर फारशी शिलालेख, आणि आंत एक मोठी विहीर, जिच्या पोटांत सज्जे व दालनें खोदलेलीं आहेत. पुढें याच गढींत नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. शत्रूला अडविण्यासाठीं उभारलेल्या वेशींतून रयतेचे अर्ज आंत येऊं लागले, हें आम्हांस गडाचें भाग्यच वाटतें.

पण या गडाहून मोठें काम त्यापूर्वीं शंभर वर्षें झालें होतें. मलिक अंबराच्या काळीं येथील सुभेदार जमशेदखान यानें मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनीं शहरांत पाणी खेळविलें. तट एकदां उभा केला कीं पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नळास मात्र नित्य गाळ काढणारा व फुटकें सांधणारा माणूस लागतो. तो राहिला नाहीं, आणि ती व्यवस्था मोडली.

हैदराबाद संस्थान 1948 मध्यें भारतांत विलीन झालें. 1 मे 1981 रोजीं जालना जिल्हा झाला. तरी 2012-13 च्या अवर्षणांत याच शहरास टँकरची वाट पाहावी लागली, आणि अखेर गोदावरीचें पाणी दूर पैठणाहून नळानें आणावें लागलें. 2023 मध्यें नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिच्या सभेपुढें पहिला विषय कोणता यावा, हें जालनेकरांस आम्हीं सांगावयास नको.